होरेमहेबची थोथभक्ती : श्रद्धा की थोतांड?

निळीशाई
न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात होरेमहेबचा एक दगडी पुतळा आहे. होरेमहेब म्हणजे प्राचीन इजिप्तच्या तुतानखामुन राजाचा सेनापती, पुढे आय या राजानंतर स्वतःच फॅरो, म्हणजे राजा, झालेला. काळ साधारण इ.स.पू. १३३०. पण या सेनापतीच्या हातात ना शस्त्र, ना शेजारी रथ. साहेब मांडी घालून बसलेत, पोटावर सुखवस्तू वळ्या, मांडीवर उलगडलेली पपायरसची गुंडाळी, आणि त्या गुंडाळीवर थोथचं स्तोत्र! थोथ म्हणजे लेखन, गणित, ज्ञान यांचा देव. डोकं शराटी पक्ष्याचं, कधी अख्खा बबून माकडाच्या रूपात.

माझं मत असं, की ही मनापासूनची भक्ती आहे. ज्याच्या एका हाकेवर फौज हलायची, त्याने स्वतःची ओळख म्हणून लेखणी निवडली. सहज सुचणारी गोष्ट नाही ही.

दगडफोड्या
ताई, पुतळ्याचा डावा हात पाहिलात का? त्यावर आमुन या थीब्स शहराच्या मुख्य देवाची आकृती कोरलेली आहे. मांडीवर एक देव, दंडाच्या खाली दुसरा. मग तोही 'मनापासूनचा' म्हणायचा का?

शिवाय लेखनिकाच्या बैठकीतला पुतळा हा त्या काळच्या बड्या अधिकाऱ्यांचा ठरलेला साचा. तुतानखामुनच्या आधीचा राजा तिसरा आमेनहोतेप, त्याच्या दरबारातला त्याच नावाचा अधिकारी हापुपुत्र आमेनहोतेप, त्याचेही असेच पुतळे कर्नाकच्या आमुन मंदिरात सापडलेत. लिहिता येणारे लोक मूठभर, त्यामुळे 'मी शिकलेला आहे' हे दाखवणं हीच प्रतिष्ठा. आणि थोथची आळवणी तर लेखनशाळेतली पोरंसुद्धा करायची. 'आनस्तासी ५' या पपायरसमध्ये एक उमेदवार थोथला विनवतो, की मला तुझ्या कामात तरबेज कर, कारण तुझा पेशा सगळ्या पेशांत भारी. याला भक्ती म्हणा हवं तर, मी परीक्षेआधीचा नमस्कार म्हणेन.

निळीशाई
साच्यात बसला म्हणून भाव खोटा ठरत नाही. आरती सगळे एकच म्हणतात, म्हणून काय कुणालाच देव नसतो?

आणि त्या स्तोत्रात काय आहे तेही बघा. 'मला हुशार कर' नाहीच. तिथे थोथ आहे तराजूच्या मधला अचूक ओळंबा, तंटे मिटवणारा वजीर, गुन्ह्याला शासन करणारा. आता याच माणसाने राजा झाल्यावर कर्नाकच्या दहाव्या द्वारमनोऱ्यापाशी जो फर्मानाचा शिलालेख लावला तो आठवा. गरिबाची नाव हिसकावून घेणाऱ्याचं नाक कापून त्याला त्जारूच्या सरहद्दीवर धाडा. चामडी लुटणाऱ्या शिपायाला शंभर फटके. न्यायाधीशाने लाच घेतली तर गय नाही. स्तोत्रातला थोथ आणि फर्मानातला होरेमहेब, दोघं एकाच पाटीवर गिरवल्यासारखे वाटतात मला.

मधलीसुट्टी
'तराजूचा ओळंबा' वाचून चित्रगुप्ताची आठवण झाली. विषयांतराबद्दल माफी. चालू द्या.

दगडफोड्या
चित्रगुप्त नको, आधी एक साधी तारीख लावू. हा पुतळा बनला तेव्हा तो राजा नव्हताच! राजलेखनिक आणि सेनापती होता. साक्कारा या दफनभूमीतल्या त्याच्या थडग्यातली शिळा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्यावर तो सूर्यदेव रा, थोथ आणि सत्य-न्यायाची देवी मात यांना वंदन करतोय. तीही राजा होण्याआधीची.

राजा झाल्यावर काय? तुरीनच्या संग्रहालयात त्याचा आणि राणी मुतनेजमेतचा जोडपुतळा आहे. त्याच्या पाठीवर राज्याभिषेकाची हकिगत कोरलीय. त्याला लहानपणापासून निवडलं कुणी? त्याच्या गावच्या होरसने, म्हणजे राजपद राखणाऱ्या ससाणारूपी देवाने. थीब्सला ओपेतच्या, म्हणजे आमुनच्या वार्षिक उत्सवात नेलं कुणी? होरसनेच. मुकुट दिला आमुनने. सगळं श्रेय या दोघांत वाटलं गेलं. लेखणी सुटली तसा लेखणीचा देवही मागे पडला, असं मी म्हणतो. फर्मानाबद्दल म्हणाल तर आमुनची नावं-आकृत्या खोडून एकाच सूर्यदेवाला मानणाऱ्या अखेनातेन राजानंतर घडी विस्कटली होती, लूटमार माजली होती. अशा वेळी दंडुका उगारायला स्तोत्र लागत नाही.

शराटी
दोघंही एक धरून बसलात. या लोकांचे देव म्हणजे एका खुर्चीचे दावेदार नव्हेत. राजपदाचा दाखला होरस आणि आमुनकडूनच घ्यायचा, तो थोथकडून मिळत नसे. म्हणून अभिषेकाच्या लेखात थोथ आघाडीवर नाही, यावरून मनातलं काहीच ठरत नाही.

बाकी राजाने थोथसाठी सढळ हात सोडलेला पाहायचा तर थोथच्या नगरीत, अशमुनैनला जा. तिसऱ्या आमेनहोतेपने तिथे बबूनचे क्वार्टझाइटचे पुतळे उभारले, साडेचार मीटरच्या आसपास उंच. पण गंमत बघा, ते अवाढव्य बबून पाहून राजाची तिजोरी किती मोठी एवढंच कळतं. मांडीवरच्या गुंडाळीत निदान एक माणूस काहीतरी म्हणतोय. मी पन्नास टक्के ताईंकडे.

दगडफोड्या
म्हणतोय खरा, पण कोरलं कारागिराने, आणि मजकूर तयार केला असेल कुणा पुरोहिताने!

निळीशाई
कारागिराचा मुद्दा मला मान्य नाही. मग जगातला एकही शिलालेख कुणाचा नाही. पण 'राजा नव्हताच' हे मान्य. मी धाग्याच्या सुरुवातीला 'पुढे फॅरो झालेला' लिहून पुढचं त्याच्या मागच्या आयुष्याला चिकटवलं, ही चूक माझी.

तरी एक उरतंच. राजा झाल्यावर साक्काराच्या त्या जुन्या थडग्यातल्या त्याच्या चित्रांच्या कपाळावर राजनाग, म्हणजे राजेपणाची खूण असलेला नाग, नव्याने कोरला गेला. म्हणजे जुनी चित्रं पुसायची तर हत्यार हातात होतंच. नाग आला, पण थोथपुढे वाकलेला सेनापती तसाच राहू दिला.

दगडफोड्या
देवाची आकृती खोडायला अखेनातेन लागतो, ताई. होरेमहेब त्यातला नव्हता. उद्या ते थडग्याचे फोटो टाका, नाग कुठे कुठे आहे ते मोजू.