मदत हवी आहे: आर्किटेक्चरसाठी ५५ हजारांत लॅपटॉप
बहीण यंदा नाशिकलाच आर्किटेक्चरला लागलीये, ऑटोकॅड आणि स्केचअप (ड्रॉइंग, थ्रीडी मॉडेलची सॉफ्टवेअर) लगेच लागणार, पुढे रेव्हिट (इमारतीचं थ्रीडी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) आणि थोडं रेंडरिंग (मॉडेलवरून खऱ्यासारखी चित्रं काढणं). बजेट ५५, फार ताणलं तर ६० हजार. रेव्हिट विंडोजवरच चालतं म्हणून मॅक नको, ऑटोकॅड-रेव्हिटवाल्या ऑटोडेस्क कंपनीचं स्टुडंट लायसन्स फुकट मिळतं त्यामुळे सॉफ्टवेअरचा खर्च धरलेला नाही. रोज सिटीलिंक बसने कॉलेजला न्यायचाय, म्हणून डेस्कटॉपही बाद. एम. जी. रोडला फिरून आलो, दुकानदार ८ जीबी रॅमचे, ग्राफिक्स कार्ड नसलेलेच दाखवतात आणि आरामात चालेल म्हणतात, मला काही ते पटत नाहीये.

तर आरटीएक्स ३०५० ग्राफिक्स कार्डवाला सेकंडहँड घ्यावा, की कार्ड नसलेला नवा घेऊन रॅम १६ करून घ्यावी? रेव्हिट रोज वापरणाऱ्यांनी प्लीज सांगा, नुसत्या १६ रॅमवर पाच वर्षं निघतील का?