मदत हवी आहे: डेल्टा ग्लोबिनचं जनुक मरणाच्या वाटेवर आहे का?

नमस्कार मंडळी,

मी चंद्रपूर जिल्ह्यात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. प्रश्न घरातूनच निघाला. धाकट्या बहिणीला तिसरा महिना लागला तेव्हा डॉक्टरांनी रक्ताची एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी) करायला सांगितली. ए-२ आलं ५.४ टक्के, खाली शेरा: बीटा थॅलेसेमिया मायनर, म्हणजे हिमोग्लोबिनातली बीटा साखळी बनवणाऱ्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक सदोष. आमच्या जावयांचा रिपोर्ट नॉर्मल निघाला, त्यामुळे बाळाला मेजर, म्हणजे याच आजाराचं गंभीर रूप, होण्याची भीती नाही. जिवात जीव आला.

रात्री तिने कागद माझ्यापुढे धरला. आलेखात एक उंचच उंच सुळका, त्याच्या उजवीकडे एक बुटका. बुटक्यावर बोट ठेवून म्हणाली, "दादा, हे ए-२ म्हणजे काय? आणि माझ्यातच जास्त का?"

तेवढं सांगता आलं. मोठ्या माणसाच्या हिमोग्लोबिनात दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्या असतात. बीटाच्या जागी डेल्टा बसली की ए-२ तयार होतं, एरवी २ ते ३ टक्केच. बहिणीच्या शरीरात बीटा कमी बनते, म्हणून डेल्टाचा वाटा वाढलेला दिसतो. डेल्टाचं जनुक म्हणजे बीटाच्याच जनुकाची जुनी जोडप्रत. दोन्ही ११व्या गुणसूत्रावर शेजारी-शेजारी.

अडलं पुढेच. काल वर्गात हे सांगितलं, तर एका मुलीने विचारलं, "सर, बीटा आहे तर डेल्टा ठेवलंच कशाला?" थातूरमातूर सांगून वेळ मारून न्यायची नव्हती. "दोन दिवस दे" म्हटलं.

वाचलं ते असं. जनुकशास्त्रज्ञ सुसुमु ओनो यांनी १९७० मध्ये मांडलं की मूळ जनुक आपलं काम सांभाळतं, म्हणून प्रत बदलायला मोकळी राहते. बहुतेक प्रती बिघडून निकामी होतात, एखादीला नवं काम सापडतं. १९९९ मध्ये फोर्स, लिंच आणि सहकाऱ्यांनी तिसरी वाट दाखवली: दोन्ही प्रतींत वेगवेगळं काही बिघडतं आणि मूळचं काम वाटलं जातं. भावांच्या वाटणीत एकाकडे विहीर जावी आणि दुसऱ्याकडे बैल, तसं. मग दोघांचंही एकमेकांवाचून चालत नाही.

डेल्टाला यांपैकी कुठे बसवू? बीटाशी ताडून पाहिलं तर १४६ अमिनो आम्लांपैकी फक्त १० वेगळी. साखळी इतकी शाबूत असून उत्पादन इतकं कमी का? आणि जनुक निकामी होत चाललं असेल तर आजवर टिकलं कसं? जाणकारांनी कृपया सांगावं. माझी मांडणी चुकत असेल तर तेही स्पष्ट लिहा.

प्रतिसाद – रानजाई

सर, खोट साखळीत शोधू नका, बटणात शोधा. जनुकाच्या आधी डीएनएची काही अक्षरं असतात. तिथे केएलएफ-१ नावाचं प्रथिन बसलं की जनुक जोरात चालतं. बीटापुढची ती जागा शाबूत आहे, डेल्टापुढची बिघडलेली. म्हणून माल चांगला, पण निघतो थोडा.

"ठेवलं" या शब्दाने मुलांचा घोळ होतो. कुणी ठेवलेलं नाही. जास्तीची प्रत उचलून फेकणारं कुणी नसतं. बिघाड साचत साचत ती बंद पडते, आणि त्याला कोट्यवधी वर्षं लागू शकतात. डेल्टा त्याच वाटेवर आहे असं माझं मत. ज्यांच्यात डेल्टा अजिबात बनत नाही त्यांना काही त्रास होत नाही, आणि रिसस माकडांत हे जनुक बंदच आहे. साखळी बीटासारखी राहिली त्याला आणखी एक कारण आहे: शेजारच्या प्रतींचे तुकडे अधूनमधून एकमेकींवर उतरतात.

वर्गात फळ्यावर ही ओळ काढा: एप्सिलॉन, दोन गॅमा, एक मृत जनुक, डेल्टा, बीटा. सगळी एकाच पूर्वज जनुकाची पिलावळ. एप्सिलॉन गर्भाच्या पहिल्या आठवड्यांत, मग गॅमा, जन्मानंतर बीटा. ही झाली वाटणी. गॅमाने तर नवी खुबीही मिळवली. २,३-बीपीजी हा रेणू हिमोग्लोबिनला ऑक्सिजन सोडायला लावतो, पण गॅमा असलेल्या हिमोग्लोबिनवर त्याची पकड ढिली. म्हणून बाळाचं रक्त आईच्या रक्तातून ऑक्सिजन ओढून घेऊ शकतं. आणि मधलं मृत जनुक? शेळीच्या गर्भात त्याचंच भावंड अजून कामावर आहे.

तुमच्या विदर्भात सिकलसेलचे (बीटा साखळीतल्या बदलाने होणारा आजार) रुग्ण बरेच. त्यांच्यापैकी अनेकांत गॅमा जन्मानंतरही पूर्ण बंद होत नाही, त्यामुळे आजार तुलनेने सौम्य राहतो. मुलांना हे जरूर सांगा.

धागाकर्ता

रानजाई, मनापासून आभार. बटण बिघडलं आणि साखळी शाबूत राहिली, हा फरक माझ्या ध्यानातच आला नव्हता. आज ओळ फळ्यावर काढली. मृत जनुकाच्या जागी मुलांनी रिकामा चौकोन ठेवला आणि खाली शेळी काढली. बहिणीलाही त्याचा फोटो पाठवला.

त्याच मुलीचा पुढचा प्रश्न: दोन गॅमांत १३६व्या जागेवरच्या एकाच अमिनो आम्लाचा फरक आहे, तर त्यांतली एक गेली तर पोटातल्या बाळाचं काही अडेल का? कुणी सांगाल?