ठिपके एकाच टायमरवर चालवा
तुमच्या वेबपानावरच्या पुण्याच्या पेठांची माहिती दाखवणाऱ्या चार चौकटींपैकी फक्त पहिलीतच ‘लोड होत आहे...’चे ठिपके हलतात, असं तुम्ही म्हणता. चौघींना एकच आयडी (पानावर एकाच घटकाला द्यायचं नाव) आहे ना! आयडीवरून घटक शोधणारं जावास्क्रिप्टचं गेटएलिमेंटबायआयडी पहिलीच चौकट देतं. आयडीऐवजी क्लास (अनेक घटकांना चालणारं सामाईक नाव) द्या, त्या क्लासच्या सगळ्या चौकटींची यादी देणारं क्वेरीसिलेक्टरऑल वापरा. वरच्या उत्तरात सुचवलेला प्रत्येक चौकटीचा वेगळा सेटइंटरव्हल (ठराविक वेळाने तेच काम पुन्हा करणारा टायमर) मला पटत नाही. कोणता कधी बंद करायचा याचा हिशेब ठेवत बसावं लागतं. ४०० मिलिसेकंदांचा एकच पुरे. आकडा दर वेळी एकने वाढवा, ४ने भागून उरेल तितके ठिपके प्रत्येक चौकटीतल्या ठिपक्यांच्या जागेच्या टेक्स्टकंटेंटमध्ये (तिथल्या मजकुरात) टाका. सदाशिव पेठेची माहिती आली की तिचा क्लास काढा. यादी मात्र दर फेरीला नव्याने घ्या, ती आपोआप बदलत नाही. रिकामी आली की क्लिअरइंटरव्हलने टायमर थांबवा. आणि ठिपक्यांना ठराविक रुंदीची जागा द्याच, नाहीतर मधोमध ठेवलेला मजकूर सारखा डावीउजवीकडे सरकतो, वाचणाऱ्याला फार त्रास होतो.