कॉब घोडीवर ४० आणि ८० किलोमीटरची एन्ड्युरन्स रपेट: मर्यादा शरीराची की तयारीची?

प्रश्न: तेइफीकाठ

नमस्कार. मी पश्चिम वेल्समध्ये, केरेडिगियन भागात राहते. माझ्याकडे ११ वर्षांची काळी-पांढरी कॉब, म्हणजे आखूड व भरदार बांध्याच्या प्रकारातली, घोडी आहे. तिची उंची १४.२ हँड, म्हणजे सुमारे १४७ सेंटिमीटर, असून पट्टीने मोजलेले वजन ५२० किलोच्या आसपास भरते. मान जाड, पाठ रुंद आणि चारही पायांना खुरांपर्यंत उतरलेली दाट केसांची झालर, असा तिचा बांधा आहे. स्वभावाने ती अतिशय शांत आहे आणि रस्त्यावरच्या ट्रॅक्टरलाही बुजत नाही.

एन्ड्युरन्स जीबी या ब्रिटनमधील लांब पल्ल्याच्या घोडेस्वारीच्या संघटनेच्या १५ ते २० किलोमीटरच्या बिनस्पर्धेच्या रपेटी आम्ही नियमितपणे करतो. आता ४० किलोमीटरच्या नवशिक्या गटात उतरावे आणि जमल्यास पुढे ८० किलोमीटरपर्यंत जावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. आमच्या तबेल्यातील अनुभवी मंडळी मात्र "हा छंद करायचा असेल तर अरब घोडा घ्या" असेच सांगतात. त्यांच्या म्हणण्याला आधार नाही असेही म्हणता येत नाही, कारण मागच्या जुलै महिन्यात २५ किलोमीटरची रपेट संपल्यानंतर वीस मिनिटे उलटली तरी तिची नाडी ७२ च्या खाली उतरत नव्हती, आणि पायांत मात्र कसलाही दोष दिसत नव्हता. ही तिच्या बांध्याची मर्यादा समजावी, की तयारीत काही कमी आहे? पायांची झालर कापावी का? खोगिरासह माझे वजन ८५ किलो भरते, ते तिला जड होत असेल का?

उत्तर: रपेट_आणि_रान

तुम्ही दिलेला नाडीचा आकडा फार मोलाचा आहे, कारण कॉबची लांब पल्ल्यावरची खरी अडचण उष्णतेची असते. पाय आणि जिद्द यांची उणीव मला या घोड्यांत क्वचितच दिसली आहे. स्नायूंनी खर्च केलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम एक चतुर्थांश भाग प्रत्यक्ष चालण्याच्या कामी येतो आणि उरलेल्या भागाची उष्णता होते. ती बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग म्हणजे घाम. शरीर जितके भरदार, तितके वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ कमी पडते, आणि त्यावर चरबीचा थर व दाट केस असले की आतली उष्णता आतच कोंडते. तुमच्या घोडीच्याच उंचीचा अरब साधारण ४०० किलोचा, पातळ कातडीचा आणि बारीक केसांचा असतो. शिवाय सावकाश थकणाऱ्या स्नायुतंतूंचे प्रमाण त्याच्यात जास्त असते. स्पर्धेत पहिले येण्याच्या दृष्टीने अरब वरचढ ठरतो हे खरेच आहे. परंतु तुम्ही विचारलेला प्रश्न पहिले येण्याचा नसून सुखरूप पूर्ण करण्याचा आहे, आणि तिथे कॉबला भरपूर वाव आहे.

वेल्समध्ये राहता म्हणून मुद्दाम सांगतो की जुलैमधली तिथली हवा तापमापकावर सौम्य दिसली तरी दमट असते. दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता ओघळतो, आणि ओघळून गेलेल्या घामाने अंग फारसे थंड होत नाही. अशा वेळी जाड बांध्याचा घोडा श्वासावाटे उष्णता टाकू पाहतो. म्हणून रपेट संपल्यावर नाडी मोजताना फासळ्यांच्या मागची कूसही पाहत जा. श्वासांची संख्या नाडीच्या पुढे गेलेली दिसली, तर त्याचा दम संपला असे लगेच समजू नका. बहुतेक वेळा ते अंग तापल्याचे लक्षण असते.

याच्यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे केस कापणे. मान, छाती आणि पोटाखालचा भाग मशीनने कापला तरी मोठा फरक पडतो, आणि गरज वाटल्यास उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा कापण्यात काही गैर नाही. दुसरा उपाय पाणी. वाटेत जिथे मदतनीस भेटतील तिथे मानेवर आणि खांद्यांवर थंड पाणी सतत ओतत राहावे. गरम अंगावर थंड पाणी घातल्याने स्नायू आखडतात अशी जुनी समजूत आहे. मात्र १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या तयारीसाठी उष्ण व दमट हवेत घोड्यांवर जे संशोधन झाले, त्यात भरपूर थंड पाण्याचा मारा सुरक्षित आणि परिणामकारक ठरला.

आता वेगाचे गणित. नवशिक्या गटात किमान वेगाप्रमाणेच कमाल वेगाचीही मर्यादा असते आणि दर्जा ठरवताना सरासरी वेगाबरोबर शेवटची नाडी धरली जाते, हे कॉबच्या पथ्यावर पडणारे आहे. समजा, ताशी १० किलोमीटरची सरासरी राखायची आहे. तुमची घोडी दुडक्या चालीत ताशी साडेबारा किलोमीटर आणि पावली चालताना ६ किलोमीटर जात असेल, तर एकूण वेळेपैकी सुमारे ६० टक्के वेळ दुडकी आणि ४० टक्के वेळ चाल एवढ्यात हिशेब जुळतो. चौखूर पळवण्याची आवश्यकताच उरत नाही. चढ चालत चढावेत, सपाटीवर दुडकी धरावी, आणि शेवटचा दीड-दोन किलोमीटरचा टप्पा पूर्णपणे चालत, शक्य असल्यास खाली उतरून, पार करावा. पशुवैद्याच्या अंतिम तपासणीत नाडी ६४ किंवा त्याखाली असावी लागते आणि त्यासाठी रपेट संपल्यापासून अर्धा तास मिळतो. ही अर्ध्या तासाची लढाई त्या शेवटच्या दोन किलोमीटरमध्येच जिंकता येते.

तयारीबाबत एकच आग्रह धरतो. अंतर आणि वेग ही दोन्ही एकाच वेळी वाढवू नका. हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत सुधारतात, पण कंडरा, सांधे आणि हाडे यांना त्याहून कितीतरी जास्त काळ लागतो, आणि कॉबच्या पायांवर मुळातच अधिक वजन असते. छातीच्या पट्ट्याचे नाडीयंत्र वापरणार असाल, तर सरावात नाडी १५० च्या वर फार काळ राहणार नाही असे पाहा.

उत्तर: खुरपारखी

मी इंग्लंडमध्ये पशुवैद्य म्हणून काम करतो. वरील उत्तराशी मी सहमत आहे, मात्र अंतर वाढवण्यापूर्वी दोन तपासण्या करून घ्याव्यात असा माझा सल्ला राहील.

पहिली तपासणी पीएसएसएम या स्नायुविकाराची. या विकारात स्नायूंमध्ये साखरेचा साठा अपसामान्य रीतीने होतो, त्यामुळे श्रमानंतर घोड्याचे पुठ्ठे दगडासारखे कडक होतात, घोडा पाऊल उचलण्यास नकार देतो आणि त्याची लघवी कॉफीच्या रंगाची होऊ शकते. याच्या पहिल्या प्रकाराला कारणीभूत असलेला जनुकीय बदल २००८ मध्ये सापडला. ओझी ओढणाऱ्या अनेक जड जातींत आणि कॉब वर्गातील घोड्यांतही तो आढळतो, तर अरबांमध्ये क्वचितच. आयाळीचे मुळासकट उपटलेले थोडे केस प्रयोगशाळेला पाठवले की निदान होते. दोष निघाला तरी घोडी निकामी ठरत नाही. चंदी बंद करून पिष्टमय पदार्थ कमी करणे, वैरणीवर आणि गरजेप्रमाणे तेलावर भर देणे, आणि एकही दिवस ठाणबंद न ठेवता रोज हालचाल देणे या पथ्यांवर असे घोडे चांगले काम करतात. मात्र ही गोष्ट ४० किलोमीटरच्या मध्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेली बरी.

दुसरी तपासणी झालरीखालच्या कातडीची. झालर बाजूला सारून मागच्या घोट्याच्या खोबणीत बोट फिरवा. तिथे खवले, बारीक गाठी किंवा जाड घड्या हाताला लागल्या, किंवा घोडी तबेल्यात रात्री पाय आपटत असेल, तर माइट किड्यांचा प्रादुर्भाव असण्याची दाट शक्यता आहे. माझ्या मते लांब पल्ल्याच्या घोडीची झालर कापावी. चिखलात भिजलेले केस तासन्‌तास ओले राहतात, त्याखालची कातडी मऊ होऊन फाटते, आणि तपासणीत ते व्रण नोंदले जातात. कापण्याचे काम स्पर्धेच्या काही आठवडे आधी उरका, म्हणजे किरकोळ जखमा भरून येतील.

क्षार पाजताना काळजी घ्या. घोड्याच्या घामात सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड मोठ्या प्रमाणात जाते, त्यामुळे भरपाई हवीच. परंतु पाणी न पिणाऱ्या घोडीच्या तोंडात क्षारांची पेस्ट घातल्यास शरीरातले पाणी आतड्याकडे ओढले जाते आणि परिस्थिती बिघडते. आधी पाणी, मग क्षार. भिजवलेला बीटचा चोथा बादलीतून दिला की खाणे आणि पाणी दोन्ही साधते.

उत्तर: भीमाकाठ

महाराष्ट्रातून लिहीत आहे. आपल्याकडील भीमथडी घोडा दख्खनच्या पठारावर वर्षानुवर्षे लांबच्या मजला मारत आला आहे आणि आजही धनगरांच्या वाड्यासोबत बिऱ्हाड पाठीवर घेऊन चालतो. आखूड, मजबूत घोडा लांब पल्ल्याला उत्तम, हे आपल्या पूर्वजांना ठाऊकच होते. तोच न्याय कॉबला का लावू नये?

उत्तर: रपेट_आणि_रान

भीमाकाठ, भीमथडीविषयीचा तुमचा अभिमान मलाही आहे, पण इथे ती तुलना दिशाभूल करील. भीमथडी लहान चणीचा, हलक्या हाडापेराचा आणि सडसडीत असतो. कोरड्या, उष्ण हवेत थोड्या चाऱ्यावर घडलेले ते शरीर आहे. उष्णता बाहेर टाकण्याच्या बाबतीत तो कॉबपेक्षा अरबाच्या जवळ बसतो.

कॉबच्या बाजूने बोलायचे तर दाखला वेल्समध्येच आहे. मात्र तिथेही दोन प्रकार वेगळे ओळखावे लागतात. वेल्श कॉब हा दुडक्या चालीसाठी पारखला गेलेला घोडा आहे. एकोणिसाव्या शतकात कार्डिफपासून डाउलेसपर्यंतचे सुमारे ३५ मैलांचे चढाचे अंतर उत्तम वळू तीन तासांच्या आत दुडक्या चालीने कापत आणि त्यावरून पैदाशीसाठी त्यांची निवड होई, असे परंपरेने सांगितले जाते. तेइफीकाठ यांची घोडी वर्णनावरून भटक्या जिप्सी समाजाने घरगाडी ओढण्यासाठी जोपासलेल्या कॉबच्या वळणाची वाटते. तो घोडाही रस्त्याने दिवसभर चालणाराच, पण ठरावीक, संथ लयीत. ती लय मोडून त्याला घाई करायला लावली की तो तापतो.

पुढील प्रश्न: तेइफीकाठ

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. केसांचा नमुना उद्याच पाठवते. आमच्या भागात सपाटी जवळजवळ नाहीच. हे डोंगर तिच्या विरोधात जातील का? आणि माझ्या वजनाचा प्रश्न राहिला आहे.

उत्तर: पाऊलवाट

डोंगर तुमच्या बाजूचे आहेत. तुमच्यापासून फार लांब नसलेल्या लानुर्टिड वेल्स गावी १९८० पासून माणूस विरुद्ध घोडा अशी शर्यत होते. डोंगराळ वाटेवरच्या या शर्यतीत धावणारा माणूस पहिल्यांदा जिंकला तो २००४ मध्ये. वाट अवघड झाली की वेगवान घोड्याचा वेग तितकासा उपयोगी पडत नाही. पावलाचा पक्का, न बुजणारा घोडा फारसा मागे राहत नाही, आणि हे दोन्ही गुण तुमच्या घोडीत आहेत. मात्र उतारावर दुडकी धरू नका, कारण पुढच्या पायांवर तिचे जास्त वजन येते.

वजनाबाबत खोगिरासह घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांचा अंगठेनियम बहुतेक जण वापरतात. तो हिशेब चरबीसकट वजनावर मांडू नये. तुमच्या घोडीचे सुदृढ वजन ४८० किलो धरले, तर मर्यादा ९६ किलो येते, म्हणजे तुम्ही आत आहात. कॅलिफोर्नियातील टेव्हिस कप या १०० मैलांच्या स्पर्धेतील घोड्यांवर १९९० च्या दशकात अभ्यास झाला होता, त्यातही स्वाराच्या वजनापेक्षा घोड्याच्या अंगलटीचा संबंध स्पर्धा पूर्ण होण्याशी अधिक दिसला. तिथे फार हाडकुळे घोडे मागे पडले. तुमचे काम उलट बाजूचे आहे: फासळ्या डोळ्यांना दिसू नयेत, पण हलक्या हाताने चाचपल्यावर सहज लागाव्यात. हिरव्या कुरणावर सोडलेल्या कॉबला खुरांच्या दाहाचाही धोका असतो, तेव्हा चरण्याचे तास मोजूनच द्या.

खोगिराची आठवण कोणी केली नाही म्हणून लिहितो. रुंद पाठीच्या, खांद्याचा उंचवटा नसलेल्या घोडीवर खोगीर एका बाजूला कलते, आणि मग स्वार तंग आणखी आवळतो. वीस किलोमीटरला ते खपून जाते, चाळीस किलोमीटरला कोपरामागे कातडी सोलते. रपेटीनंतर खोगिराखालची घामाची खूण पाहा. दोन्ही बाजूंना सारखी ओली असावी आणि त्या ओल्या भागात मधेच कोरडा डाग नसावा. असा कोरडा डाग दिसला तर तिथे दाब पडत असण्याची शक्यता आहे. रुंद सांगाड्याचे खोगीर बसवून घ्या आणि ते पुढे सरकत असेल तर शेपटीखालून जाणारा पट्टा लावा.

या हंगामात थंड महिन्यातली, शक्यतो एप्रिल किंवा सप्टेंबरमधली, ३० किलोमीटरची बिनस्पर्धेची रपेट आधी करा आणि नाडी दहा, वीस व तीस मिनिटांनी लिहून ठेवा. वीस मिनिटांत ती ६० च्या आसपास येऊ लागली की ४० साठी नाव नोंदवा. ८० चा विचार त्यापुढच्या हंगामात करावा, आणि त्यासाठी जुलै टाळावा.

तेइफीकाठ

सप्टेंबरमधल्या रपेटीसाठी नाव नोंदवते. तिन्ही वेळचे नाडीचे आकडे याच धाग्यावर लिहीन.