इंग्रजी वाक्प्रयोगांतला 'वुल्फ' पोलिशमध्ये कुठे टिकतो?

प्रश्न

एका इंग्रजी मजकुराचं पोलिश भाषांतर तपासायचं आहे. त्यात लांडग्याचे वाक्प्रयोग बरेच आहेत: क्राय वुल्फ, वुल्फ इन शीप्स क्लोदिंग, कीप द वुल्फ फ्रॉम द डोअर, थ्रो टू द वुल्व्ज, लोन वुल्फ, वुल्फ डाउन. भाषांतरात सगळीकडे 'विल्क', म्हणजे लांडगाच, ठेवला आहे. शब्दाला शब्द जुळतो, पण पोलिश माणूस असं बोलतो का? आणि इंग्रजीत लांडगा नसताना पोलिशमध्ये तो येतो, अशाही जागा आहेत का?

प्रतिसाद १

या सहांपैकी बिनधोक टिकतात ते दोनच. 'लोन वुल्फ'ला 'सामोत्नी विल्क' चालतं, अगदी बातम्यांतल्या एकट्या हल्लेखोरासाठीही. दुसरा 'विल्क व ओफ्चेय स्कुझे'. त्यातही एक गोम आहे: इंग्रजीत मेंढीचे कपडे आहेत, पोलिशमध्ये कातडं. मराठीतला 'मेंढीचं कातडं पांघरलेला लांडगा' पोलिशला जास्त जवळचा आहे. दोन्हीकडे मूळ एकच, मत्तयच्या शुभवर्तमानातलं ७:१५ हे वचन. त्यामुळे भाषांतरात 'कपडे' आले असतील तर बदलून घ्या, वाचणाऱ्याला ते लगेच खटकतं.

'क्राय वुल्फ' इथे लांडगा काढायचाच. इसापाची गोष्ट पोलिश वाचकाला ठाऊक असते, आपल्याकडच्या 'लांडगा आला रे आला'सारखीच. त्या गोष्टीचा थेट संदर्भ असेल तर लांडगा राहू द्या. पण 'हे लोक उगाच क्राय वुल्फ करताहेत' अशा वाक्यात 'पोद्नोशिच फाउशिवी आलार्म', म्हणजे खोटा इशारा देणं, हेच बरोबर. शब्दशः 'लांडगा ओरडणं' असं क्रियापद पोलिशमध्ये रुळलेलं नाही.

'थ्रो टू द वुल्व्ज'साठी 'झुचिच ना पोझार्चे', म्हणजे फाडून खायला टाकणं. कोणापुढे, ते सांगायची गरज नसते. सांगायचंच तर लांडग्यांच्या जागी सिंहही येतात.

'कीप द वुल्फ फ्रॉम द डोअर'मध्ये घाई करू नका. बहुतेक जण 'व्योंझाच कोन्येत्स स कोन्त्सेम' लिहितात, म्हणजे टोकाला टोक बांधणं. ते 'मेक एंड्स मीट'चं भाषांतर आहे: महिन्याचा हिशेब कसाबसा जुळवणं. दाराशी लांडगा म्हणजे उपासमार उंबऱ्यावर आली आहे. प्रसंग तितका बिकट असेल तर 'भुकेने न मरणं' या अर्थाची रचना घ्या, 'न्ये उम्झेच झ ग्वोदु'. किरकोळ कामावर पोट भरणाऱ्याबद्दल असेल तर 'झारोबिच ना ख्लेप', भाकरीपुरतं कमावणं.

'वुल्फ डाउन'ला, म्हणजे अधाशासारखं गिळण्याला, 'पोख्वोनोंच' लिहा. 'पोझ्रेच' जनावराच्या खाण्याचं क्रियापद आहे, माणसाला लावलं की शिवीसारखं वाटतं. इंग्रजी शब्दात तेवढा तिरस्कार नाही.

प्रतिसाद २

उलट दिशा जास्त रंजक आहे. इंग्रजीतला 'स्पीक ऑफ द डेव्हिल' पोलिशमध्ये 'ओ विल्कु मोवा' होतो: लांडग्याची गोष्ट काढली आणि तो हजर. सैतान जातो, लांडगा येतो.

'इ विल्क सिती, इ ओफ्त्सा त्सावा': लांडग्याचं पोट भरलं आणि मेंढीही शाबूत. इथे बरेच कोश 'हॅव युअर केक अँड ईट इट' देतात, ते मला पटत नाही. केकवाल्या म्हणीत (केक खायचाही आणि राखायचाही) हावरटपणावर बोट ठेवलेलं असतं. पोलिश म्हण तडजोडीची आहे, दोन्ही पक्ष समाधानी. आपल्या 'सापही मरावा आणि काठीही मोडू नये'च्या ती बरीच जवळ जाते.

'नातुरा चोंगन्ये विल्का दो लासु' म्हणजे स्वभाव लांडग्याला रानाकडे ओढतो. इंग्रजीत तिथे बिबट्याचे ठिपके येतात, मराठीत 'जित्याची खोड'.

'पात्शेच विल्क्येम' म्हणजे लांडग्यासारखं बघणं, डोळे वटारणं. इंग्रजीत नुसतं 'स्काउल' पुरतं.

'न्ये विवोवुय विल्का झ लासु', रानातून लांडग्याला हाक मारू नको, हेही सैतानवाल्या म्हणीसाठीच वापरता येईल.

प्रतिसाद ३

शेवटच्या वाक्याशी असहमत. 'ओ विल्कु मोवा' माणूस समोर आल्यावर म्हणतात, बहुतेक हसत. 'रानातून हाक मारू नको' ही आधी दिलेली ताकीद आहे: नाव काढून संकट ओढवून घेऊ नकोस. इंग्रजीत ते 'लेट स्लीपिंग डॉग्ज लाय' किंवा 'डोन्ट टेम्प्ट फेट'. अदलाबदल केली तर वाक्याचा काळच उलटतो.

आणखी एक जोडी नक्की तपासा. 'दोस्ताच विल्ची बिलेत' म्हणजे लांडग्याचं तिकीट मिळणं. त्याचा प्रवासाशी संबंध नाही: असा शेरा मारून हाकलणं की दुसरीकडे शाळा किंवा नोकरी मिळू नये. इंग्रजीत 'ब्लॅकलिस्टेड'. पण 'दोस्ताच विल्का', नुसता लांडगा मिळणं, हे भलतंच. गार दगडावर बसू नको, मूळव्याध होईल, अशा घरगुती धाकातला तो 'लांडगा' आहे. एक शब्द गळला की नोकरी जाण्याऐवजी बसायची पंचाईत होते.

प्रश्नकर्ता

फार उपयोग झाला. सुटे शब्दही आहेत: वुल्फ्सबेन, वुल्व्हरीन, वुल्फहाउंड, वुल्फ पॅक. यांत काही सापळे?

प्रतिसाद ४

वुल्फ्सबेन सर्वांत धोक्याचा. पोलिशमध्ये तो 'तोयात' (बचनागाच्या कुळातला), नावात लांडगा नाही. उलट 'विल्चा यागोदा', लांडग्याचं बोर, म्हणजे बेलाडोना. दोन्ही विषारी, पण वनस्पती वेगळ्या. औषधी मजकुरात ही चूक अक्षम्य.

वुल्व्हरीन हा लांडगा नव्हेच, 'रोसोमाक'. आयरिश वुल्फहाउंड तो 'विल्चाश'. 'विल्चुर' बोलीत जर्मन शेफर्डसाठी वापरतात, तो इथे नको.

प्राण्यांचा कळप असेल तर 'वाताहा'. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुड्यांच्या डावपेचाला मात्र 'विल्चे स्तादो'. मादी साध्या मजकुरात 'विल्चित्सा'. 'वादेरा' (मादी) आणि 'बाशोर' (नर) हे शिकाऱ्यांचे आणि निसर्गलेखकांचे शब्द.

इतिहासाचा मजकूर असेल तर हिटलरच्या केन्त्शिनजवळच्या मुख्यालयाचंही पाहा. इंग्रजीत 'वुल्फ्स लेअर', म्हणजे गुहा. पोलिश नाव 'विल्ची शान्येत्स', मूळ जर्मनसारखंच: शान्येत्स म्हणजे मोर्चा, तटबंदी. इंग्रजीवरून 'गुहा' परत आणू नका, नाव ठरलेलं आहे.

यंत्राच्या यादीत 'विल्क' दिसला तर तो खाटिकखान्यातला मांस दळायचा मोठा ग्राइंडर. बागकामात 'विल्की' म्हणजे फळझाडावर सरळ वर धावणारे, फळ न धरणारे जोमदार फुटवे. इंग्रजीत 'वॉटर शूट्स'.

प्रतिसाद १ (पुन्हा)

विभक्ती तपासताना: म्हणीत लांडग्याचं रूप गोठलेलं असतं. 'ओ'नंतर 'विल्कु', 'सारखं बघणं'मध्ये 'विल्क्येम', हाक मारताना कर्म म्हणून 'विल्का'. लांडगा सजीव असल्याने कर्माचं रूप षष्ठीसारखं होतं, म्हणून नुसतं 'विल्क' चुकतं. 'लांडग्यासारखी भूक' म्हणताना बोलणारी बाई असेल तर 'ग्वोद्ना याक विल्क', पुरुष असेल तर 'ग्वोद्नी'. लांडगा तसाच राहतो.

आकडे असतील तर: २, ३, ४ ला 'विल्की', ५ ते २१ ला 'विल्कुफ', २२ ते २४ ला पुन्हा 'विल्की'. आणि 'विल्कुफ' कर्ता असताना क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनी: 'प्येंच विल्कुफ ब्येग्वो', पाच लांडगे धावले. यंत्रभाषांतर इथे अनेकवचनी क्रियापद घालून बसतं, तेवढं शोधून काढा.