मदत हवी आहे: जुन्या फळीवर स्ट्रिंग आर्ट, खिळे वाकतात, लाकूड चिरतंय (अर्जंट!!)

वैशू_डोंबिवली

मंडळी, पटकन सांगा कुणीतरी. भावाच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत पुढच्या रविवारी आहे. त्याला दारावर लावायला स्ट्रिंग आर्टची (खिळे ठोकून त्यांना दोरे गुंडाळून अक्षरं काढतात ती) पाटी करून द्यायची आहे, गावच्या घराच्या जुन्या फळीवर. यूट्यूबवर सगळे टकाटक खिळे ठोकत सुटतात आणि इथे एक खिळा सरळ जाईल तर शपथ. निम्मे वाकतात, जे आत गेले त्यांनी लाकूड चिरलं. खिळे बदलले, हातोडी बदलली, जागा बदलली. काय चुकतंय? "सोपं आहे, प्रॅक्टिस करा" असं कृपया लिहू नका.

सुतारपक्षी

लाकूड कुठलं? फळी किती जाड? चुका (बारीक खिळे) किती गेजच्या, लोखंडी की पितळी? चीर नेमकी कुठून कुठे गेली? फोटो टाका.

वैशू_डोंबिवली

जुनं लाकूड हो. सागवानच असणार, गावचं घर आहे. खिळे नेहमीचे, बारीक. फोटो अपलोड होत नाहीये, साइज मोठी सांगतंय.

सुतारपक्षी

"नेहमीचे बारीक" म्हणजे काय ते दुकानदारालाही कळत नाही, मला कसं कळणार? मोजपट्टी घ्या आणि लिहा.

अमित_एनजे

मी इकडे पॅलेटच्या (गोदामात माल रचायच्या चौकटीच्या) लाकडावर केलंय, एकदम मस्त होतं. पाइन मऊ असतं, खिळा लोण्यात गेल्यासारखा जातो. पॅलेट घेताना शिक्का बघायचा: एचटी असेल तर नुसतं तापवलेलं, एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, ते घरात आणायचं नाही. तुम्हीही पॅलेटच घ्या, जुन्या फळीच्या नादी लागू नका.

कोकणकडा

अमितदादा, तिला गावच्या घराची फळी वापरायची आहे म्हणून तर हा खटाटोप. न्यू जर्सीच्या गोदामातलं पॅलेट दारावर लावून भावाला काय आठवणार?

वैशूताई, गाव कुठलं? आणि ही फळी घराच्या कुठल्या भागातली? दाराची, माळ्याची, की तुळईची चिरून घेतलेली?

वैशू_डोंबिवली

संगमेश्वरजवळ. पडवीची एक तुळई उतरवली होती, काकाने गिरणीत नेऊन तिच्या फळ्या काढल्या. जाडी एक इंच. पाटीवर "पडवी" लिहायचंय, फ्लॅटचं नावच ते ठेवलंय. खिळ्यांच्या पाकिटावर १८ गेज, १ इंच असं आहे. लोखंडीच. एका बाजूला जुना हिरवा ऑइलपेंट आहे, तो तसाच ठेवणार आहे, रस्टिक दिसतो.

निनाद७७

तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटला "पडवी"? आमच्या सोसायटीत एकाने वनबीएचकेला "चौसोपी" नाव दिलंय.

वैशू_डोंबिवली

निनाद, कितव्या मजल्यावर ते मी सांगितलेलंच नाही. आणि मदत करायची नसेल तर दुसरे धागे आहेत.

कोकणकडा

तुळई म्हणालात तिथेच मला शंका आली. आमच्याकडे दारं-खिडक्यांना साग वापरतील, पण तुळया आणि खांब ऐनाचे, किंजळाचे, कधी फणसाचे. एक करा: मागच्या कडेला चाकूने अर्धा इंच खरवडून ताजं लाकूड बघा. पिवळसर असेल तर फणस. सोनेरी-तपकिरी, हाताला तेलकट आणि चामड्यासारखा वास आला तर साग. गर्द तपकिरी, त्यात काळपट पट्टे आणि फळी उचलताना मनगट दुखलं तर ऐन. ऐन असेल तर १८ गेजची चूक वाकणारच, त्यात तुमचा दोष नाही.

हळदीकुंकू

ताई, माझ्या इन्स्टा पेजवर मी स्ट्रिंग आर्टच्या ऑर्डर घेते. १२ बाय १२ च्या पाटीला किती लावावेत? लोक म्हणतात दोऱ्याचे कसले एवढे पैसे!

वैशू_डोंबिवली

खरवडलं. गर्द तपकिरी, काळपट पट्टे आहेत. जड तर इतकी की भिंतीवर टिकेल का ही वेगळीच काळजी. आणि आता लक्षात आलं, ज्या खिळ्यांजवळ मी ओल्या फडक्याने पुसलं होतं तिथे शाईसारखे काळे डाग पडलेत. ते जातील का?

कोकणकडा

ऐनच. डागांचं कारणही तेच. ऐनात टॅनिन (तुरट द्रव्य) भरपूर, त्याला लोखंड आणि पाणी मिळालं की काळं होणार. जुन्या काळी शाई हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) घालून करत, तोच प्रकार. ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याने डाग उतरतात, हार्डवेअरवाल्याकडे किंवा केमिकलच्या दुकानात मिळतं, हातमोजे घाला. पण लोखंडी चुका ठेवल्या तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा येतील. पितळी घ्या.

सुतारपक्षी

पितळी चूक ऐनात ठोकणार? लोखंडी वाकतेय तिथे पितळी तर पहिल्याच घावाला मान टाकेल. कोकणकडा, लाकूड तुम्हाला कळतं, ठोकणं आमच्यावर सोडा.

ताई, नीट वाचा. ऐनात चूक ठोकायची नसते, आधी भोक पाडायचं आणि मग चूक बसवायची. १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिमी. भोक १ मिमीचं, खोली १० मिमी. एक इंचाच्या चुकीचा १५ मिमी भाग वर राहतो, दोरा गुंडाळायला तेवढा पुरे. ड्रिलच्या बिटवर १० मिमीवर टेप गुंडाळा म्हणजे खोली चुकत नाही. चुकीला साबण लावा, नोज प्लायरमध्ये धरा आणि हलक्या हाताने बसवा. मग पितळी घेतलीत तरी चालेल.

चीर कुठून कुठे गेली ते अजून सांगितलं नाहीत.

वैशू_डोंबिवली

चीर वरच्या ओळीत, सरळ, प पासून वी पर्यंत.

सुतारपक्षी

हेच ऐकायचं होतं. शिरोरेषा!

फळी आडवी, तंतू आडवे आणि शिरोरेषाही आडवी. म्हणजे एकाच तंतूत तुम्ही ओळीने पाचरी मारत गेलात. लाकूड फोडणारे ओंडका असाच फोडतात. इंग्रजी अक्षरांच्या व्हिडिओत हा त्रास फारसा दिसत नाही, त्यांच्या अक्षरांना अशी लांब आडवी रेघ नसते. उपाय: शिरोरेषेच्या चुका एका रेषेत नकोत. एक वर, एक खाली, दोन-तीन मिमीचा फरक ठेवत नागमोडी लावा. दोन चुकांमध्ये किमान ८ मिमी. दोरा भरल्यावर नागमोड दिसत नाही, उलट रेघ जाड आणि भरीव दिसते. फळीच्या टोकापासून दोन इंच आत राहा, टोकाला लाकूड आधी फाटतं.

आणि चुकीचं टोक हातोडीने किंचित बोथट करा. टोकदार चूक तंतू बाजूला सारते, बोथट चूक ते चेचत जाते. चीर कमी पडते.

गणितवेडा

वा, शिरोरेषेची भानगड मस्त. थोडं अवांतर: सरळ दोऱ्यांतून वळणदार आकार काढायची ही कल्पना मेरी एव्हरेस्ट बूल (१८३२–१९१६) यांनी मुलांना भूमिती शिकवायला वापरली होती. बूलियन बीजगणितवाल्या जॉर्ज बूल यांच्या त्या पत्नी आणि भारताचे सर्व्हेअर जनरल राहिलेल्या जॉर्ज एव्हरेस्ट यांची पुतणी. वर्तुळावर समान अंतरावर खिळे मारा, क्रमांक द्या आणि प्रत्येक खिळा त्याच्या दुप्पट क्रमांकाच्या खिळ्याला जोडा. १ ला २, २ ला ४, ३ ला ६. वर्तुळ संपलं की पुढे मोजत राहायचं. आतमध्ये आपोआप हृदयाच्या आकाराचा वक्र तयार होतो, त्याला कार्डिओइड म्हणतात. तिपटीने जोडलंत तर नेफ्रॉइड. वैशूताई, "पडवी"ऐवजी हे करून बघा ना, शिरोरेषेचा प्रश्नच मिटेल!

वैशू_डोंबिवली

घराच्या दारावर कार्डिओइड लावू? वहिनी मला घरात घेणार नाही.

निनाद७७

नेफ्रॉइड लावा, किडनीच्या आकाराचं असतं. डॉक्टरांचं घर वाटेल.

मंजिरी_पुणे

बिट्ससाठी बोहरी आळीत जा, सगळं मिळतं. नाहीतर तापकीर गल्लीत पीसीबीला (इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पट्टीला) भोकं पाडायचं छोटं हँडड्रिल मागा, १ मिमीची बिट्स त्याच्यासोबतच देतात.

कोकणकडा

अहो मंजिरीताई, ती डोंबिवलीला राहते. १ मिमीच्या बिटसाठी डेक्कन पकडायला लावताय.

मंजिरी_पुणे

मग लॅमिंग्टन रोडला जाऊ दे, तिथेही मिळतं. आणि पितळी चुका नागदेवी स्ट्रीटवर. मुंबईचंही माहीत असतं हो आम्हाला.

सुतारपक्षी

१ मिमीची बिट्स चार-पाच घ्या, दोन मोडतीलच. ड्रिल सरळ धरा, दाबू नका, मध्येच बाहेर काढून भुगा झटका. मोठ्या हॅमर ड्रिलला हे बिट लावू नका, त्याच्या चकमध्ये धरतही नाही.

प्लायवाला

एवढा उपद्व्याप कशाला? १२ मिमीचा प्लाय घ्या, अक्षरं त्यावर करा आणि तो फळीवर फेविकॉलने चिकटवा. दोन तासांचं काम.

कोकणकडा

पाऊणशे वर्षांच्या ऐनावर प्लाय! देव्हाऱ्यावर सनमायका लावा मग.

प्लायवाला

भावनेने पाटी होत नाही हो. रविवार तोंडावर आलाय. नंतर फळी फाटली तर भावना कुठे चिकटवणार?

सुतारपक्षी

प्लायच्या कडेलाही चूक मारली की थर सुटतात, ते सांगा की. आणि ती चिरलेली फळी अजून वाचते. चिरेत पातळ सुपरग्लू सोडा, आपोआप आत ओढला जातो, वरून क्लॅम्प नाहीतर दोरीने घट्ट आवळून रात्रभर ठेवा. नंतर त्या रेषेत पुन्हा भोक पाडू नका, शिरोरेषा अर्धा इंच खाली घ्या.

अपर्णा_के

एक मिनिट. तो जुना हिरवा ऑइलपेंट कुणी लक्षात घेतला का? जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाखांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्यावर कोरडा पॉलिश पेपर अजिबात मारू नका, धूळ उडते. घरात लहान मूल असेल तर मुळीच नाही. रंग ठेवायचाच असेल तर ओल्या फडक्याने पुसून वर क्लिअर लॅकरचे दोन हात द्या, म्हणजे पापुद्रे सुटणार नाहीत. भोकं रंगाच्या बाजूने पाडणार असाल तर मास्क घाला आणि खाली ओला कागद अंथरा.

निनाद७७

आमचं सगळं बालपण त्या रंगाच्या खिडक्या चाटण्यात गेलं, आम्हाला काही झालं नाही.

अपर्णा_के

त्यावर मी काही बोलत नाही.

वैशू_डोंबिवली

घरात भाची असते, चार वर्षांची. बरं झालं सांगितलंत. ओल्या फडक्याने पुसलं की पुन्हा काळे डाग पडतील का, कोकणकडा? आणि अजून एक, फळीच्या एका कोपऱ्यातून पिठासारखी पांढुरकी भुकटी पडतेय. वाळवी आहे का?

कोकणकडा

लोखंडी चुका आधी काढा, मग पुसा, डाग पडणार नाहीत. भुकटीचं म्हणाल तर वाळवी मातीच्या नळ्या करते. बारीक गोल भोकं आणि पीठ म्हणजे भुंगा. रात्रभर फळीखाली काळा कागद ठेवा. सकाळी ताजं पीठ दिसलं तर कीड जिवंत आहे, नाहीतर जुनीच भुकटी सांडतेय. भुंगा बहुधा बाहेरच्या कच्च्या लाकडात असतो, तो कोपरा कापून टाकलात तरी निभावेल.

बापट_काका

रॉकेल ओता. आमच्या वेळी सगळ्याला रॉकेल.

सुतारपक्षी

काका, वास्तुशांतीला दारात निरांजन ओवाळणार, तिथे रॉकेल प्यायलेली फळी? शिवाय त्यावर लॅकरही धरत नाही. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं गरम पाणी करून ब्रशने पाजा, दोन दिवस सावलीत वाळवा, मग लॅकर.

बापट_काका

आता रॉकेल मिळतं तरी कुठे म्हणा. रेशनवर रांगा लावायचो आम्ही.

दोरेवाली

दोऱ्याबद्दल कुणीच बोललं नाही! मी भरतकामवाली. लोकर नको, धूळ धरते. सुतळी नको, कुसं निघतात. क्रोशाचा सुती दोरा किंवा सहा पदरी भरतकामाचा दोरा घ्या. गाठ पहिल्या चुकीलाच, दुहेरी पीळ देऊन, वर फेविकॉलचा थेंब. आधी अक्षराची कड फिरवायची, मग आत आडवातिडवा भराव, शेवटी कड पुन्हा एकदा. फार ओढू नका. एकेक फेरा हलका वाटतो, पण सगळ्या फेऱ्यांचा ताण मिळून चुका आतल्या बाजूला झुकतात.

आणि "ड" जपून करा. त्याचं पोट एका बाजूने उघडं असतं, भरावाचा एकही दोरा त्या उघड्या जागेवरून गेला तर लांबून तो "ड" वाचताच येत नाही. मी अशा अक्षरांना उलटा मार्ग वापरते: अक्षराच्या कडेने चुका, बाहेर चौकटीला चुका, आणि दोरे चौकटीपासून अक्षराच्या कडेपर्यंतच. अक्षराची जागा रिकामी राहते, तिथे लाकूडच अक्षर होतं. एवढं सुंदर ऐन असेल तर ते दोऱ्याखाली झाकता कशाला?

वैशू_डोंबिवली

दोरेवाली, हे भारी आहे! पण त्यात चुका जास्त लागणार ना? म्हणजे भोकंही.

दोरेवाली

चौकटीच्या लागतील, हो. पण चौकटीवर पाव इंच अंतर कमीजास्त झालं तरी कुणाला कळत नाही.

सुतारपक्षी

चौकटीची वरची आणि खालची बाजूही तंतूंच्या दिशेने जाणार. तिथेही नागमोडी. आणि कागदावर अक्षरं छापून तो फळीवर चिकटवा, कागदातूनच भोकं पाडा आणि चुका बसवण्याआधी कागद काढा. नंतर काढायला गेलात तर चुकांच्या बुडाशी कपटे अडकतात, चिमट्याने वेचत बसाल.

हळदीकुंकू

माझ्या प्रश्नाचं कुणीतरी सांगा ना. ८०० रुपये जास्त होतात का?

दोरेवाली

८०० मध्ये पितळी चुका आणि लाकूडच येईल. तुमची मजुरी कुठे?

वैशू_डोंबिवली

अपडेट: लॅमिंग्टन रोडवरून हँडड्रिल आणलं. फळीच्या मागच्या बाजूला ट्रायल घेतली, नागमोडी ओळ, १ मिमी भोक, साबण लावून पितळी चुका. एकही वाकली नाही आणि चीर नाही!! काळ्या कागदावर सकाळी पीठ नव्हतं, तरी कोपरा कापून घेतला. आता उलट्या पद्धतीनेच करतेय. दोरा कुठल्या रंगाचा घेऊ? मोरपंखी की हळदी? आणि एवढी जड फळी दारावर कशी टांगायची ते कुणी सांगेल का, दार फ्लश डोअर आहे.

प्लायवाला

फ्लश डोअर आतून पोकळ असेल तर स्क्रू धरणार नाही. म्हणून सांगत होतो, प्लाय.

कोकणकडा

दारावर नाहीच, शेजारच्या भिंतीला. प्लग आणि स्क्रू, मागे दोन लोखंडी पट्ट्या. पट्ट्या आणि लाकूड यांच्यामध्ये रबराचा तुकडा घाला, नाहीतर पुन्हा डाग.

मंजिरी_पुणे

मोरपंखी.

दोरेवाली

हळदी! हिरव्या रंगावर मोरपंखी दिसणार कसा?

निनाद७७

वैशूताई, आता तरी सांगा, कितवा मजला?

वैशू_डोंबिवली

सातवा.