राऊटर बदलण्याआधी केबल लावून बघा

शंभर एमबीपीएस स्पीडचा इंटरनेट प्लॅन असून मागच्या खोलीत व्हिडिओ अडकतो, राऊटर आठ वर्षांचा झालाय, बदलू का, असं विचारलंय तुम्ही. नुसतं वय बघून बदलू नका. आधी लॅपटॉपला राऊटरमधून लॅन केबल जोडून स्पीड मोजा. केबलवर नव्वद-पंच्याण्णव मिळाले, तर लाईन ठीक आहे, अडचण वाय-फायची. मंगळवार पेठेतल्या आपल्या जुन्या घरांच्या भिंती हातभर जाड, वाय-फायचा 5 गिगाहर्ट्झचा (वेगवान, पण कमी पल्ल्याचा) सिग्नल पहिल्याच भिंतीत गार होतो. सोप्यातल्या टीव्हीमागचा राऊटर मधल्या खोलीत उंचावर ठेवून बघा.

राऊटर मधेच आपोआप बंद-चालू होतो का? मग ॲडॉप्टरवर संशय घ्या. त्यावर 12 व्होल्ट, 1 अँपिअर असं काही छापलेलं असतं. व्होल्ट आणि पिन तीच हवी, अँपिअर जास्त चालतात.

पण कंपनीनं फर्मवेअरचे, म्हणजे राऊटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचे, अपडेट बंद केले असतील, तर माझ्या मते स्पीड कितीही चांगला असो, बदलाच. अपडेट नसले की सुरक्षेतल्या त्रुटी तशाच राहतात, आणि घरातले बँकेचे सगळे व्यवहार त्यातूनच जातात. फायबरचं कनेक्शन असेल तर आधी इंटरनेट देणाऱ्या केबलवाल्याला विचारा, फायबर जोडलेला त्यांचा डबा आणि राऊटर एकच आहे का. तसं असेल तर बाजारातून परस्पर आणू नका.